कोहारुची बैठक

तोकिए उराबेचे गुडघे वाजत. हागियामधल्या बाकीच्या बायका नुसत्या आवाजावरून सांगत, तोकिए जिन्याच्या कितव्या पायरीवर आहे ते. त्या हसत, तीही हसे. न हसून सांगते कुणाला?

हागिया म्हणजे जपानातल्या शिरासावाच्या गरम झऱ्यावरचं जुनं पाहुणघर. तिथे तोकिएने एकतीस वर्षं पाहुण्यांची उठबस केली. आता उठबस आपण नुसती म्हणतो. तिने ती खरोखर केली. सरकतं दार उघडायचं ते गुडघे मोडून, त्यावर बसून, दोन्ही हातांनी. आत जायचं, पुन्हा बसायचं, दार लावायचं. ताट ठेवायचं बसून, चहा ओतायचा बसून, निरोप द्यायचा तो कपाळ चटईला टेकवून. आपल्याकडे वज्रासन म्हणून सकाळी पाच मिनिटं करतात आणि दिवसभर फुशारकी मारतात, तेच ही बाई दिवसातून दोनशे वेळा करायची, हातात सुपाने भरलेले वाडगे घेऊन, चेहऱ्यावर हसू ठेवून.

हागियाचे नियम दोन. थोरल्या मालकीणबाईंनी, शिगेयोबाईंनी, ते कधी लिहून लावले नाहीत, पण भिंतीलाही पाठ होते. पहिला, पाहुण्यांसमोर पाय पसरायचे नाहीत. "जिने पाहुण्यासमोर पाय पसरले ती हागियाची नव्हे," असं त्या नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगत. दुसरा, पाहुण्यांसमोर तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा नाही. एकदा धाकट्या मालकीणबाई, म्हणजे त्यांची सून रिसाको, फोनवर चुकून एका लग्नाच्या वऱ्हाडाला 'या' म्हणून बसली. खोल्या भरलेल्या. शिगेयोबाईंनी आपली स्वतःची खोली रिकामी करून दिली आणि तीन दिवस सुनेसकट गाद्यांच्या कोठीत राहिल्या. ब्याऐंशी वर्षांची बाई! शब्द गेला म्हणजे गेला.

साठीला तोकिएचे गुडघे बसले ते बसलेच. मग तिला वरच्या मजल्यावरून काढून हलकं काम दिलं. दिवाणखान्यात चहा द्यायचा, पाहुण्यांना घरी पोचल्यावर आभाराची पत्रं लिहायची, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. आणि मांजर सांभाळायचं.

मांजराचं नाव कोहारु. राखाडी, गोल तोंडाची, मोठ्या डोळ्यांची, आणि कान असे पुढे दुमडून डोक्याला चिकटलेले की लांबून घुबडाचं पिल्लू वाटावं. रिसाकोने ती शहरातून मुद्दाम आणली होती. तशा कानांची मांजरं सगळ्यांना हवीच असतात. पाहुणे झऱ्यात डुंबून येत, कोहारुला बघत आणि विरघळत.

आणि ती बसायची कशी! चार पायांवर नाही. उशीला पाठ टेकून, ढुंगणावर, मागचे दोन्ही पाय समोर सरळ पसरून, पोट पुढे काढून. पहिल्यांदा ती तशी बसली तेव्हा तोकिए चहा ओतत होती. ती खळखळून हसली आणि पाहुण्यांना म्हणाली, "बघा, बघा! आंघोळ करून आलेले काका बसलेत!"

झालं. सगळा दिवाणखाना हसला. फोटो निघाले. त्या बैठकीचं नावच 'काकाबैठक' पडलं. रिसाकोने त्याची कार्डं छापली, रुमाल काढले. त्या बैठकीचा फोटो काढायला म्हणून लोक खोल्या घेऊ लागले. ते नाव आपण दिलं याचा तोकिएला अभिमान होता, हे पुढचं सांगण्याआधी सांगून ठेवलेलं बरं.

कोहारुला दोनदा पिल्लं झाली, दोन्ही वेळा साध्या कानाच्या बोक्यापासून. दुमडलेल्या कानांची सात निघाली, त्यांना रांग लागली. सरळ कानांची पाच निघाली, ती मासळीवाल्याला, सुताराला, ज्याला त्याला फुकट वाटली. दुमडलेल्या प्रत्येक पिल्लाबरोबर तोकिएच्या मोत्यासारख्या अक्षरातलं पत्र जाई, "हेसुद्धा आईसारखीच काकाबैठक घालील, कौतुकाने पाहावं."

त्या शरदात रिसाकोच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. नागोयाला एका व्यापाऱ्याकडे शोगुन नावाचा बोका होता, त्याचेही कान दुमडलेले. "दोन्हीकडून दुमडलेले आले की जास्त पिल्लं तशी निघतील," ती तोकिएला म्हणाली, "सुतारांना मांजरं पुरवायला नाही बसलो आपण. रविवारी येतोय तो. त्याच दिवशी मासिकाचा फोटोग्राफरही बोलावलाय, नवरानवरी म्हणून छापणार आहेत. तेवढं त्या सोगाबे डॉक्टरांकडून कोहारुच्या तब्येतीचं प्रमाणपत्र आणा. नागोयावाले मागताहेत."

तोकिए टोपली घेऊन गेली.

डॉक्टर सोगाबे म्हणजे गायी-घोड्यांत जन्म काढलेला माणूस. गोड बोलणं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कोहारुचा मागचा पाय हातात धरला आणि घोटा अंगठ्याने हळूच दाबला. कोहारु ओरडली नाही. तिच्या पाठीवरची कातडी फक्त थरथरली आणि डोळ्यांतली बुबुळं पसरून काळीभोर झाली. डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो काढला, काचेवर लावला आणि बोट ठेवलं.

"इथे सात-आठ छोटी हाडं सुटी दिसायला हवीत. मोजा."

तोकिएला मोजता येईना. घोट्यात एकच गोळा दिसत होता, शिळा भात थिजून घट्ट व्हावा तसा.

"ही बसते कशी?" त्यांनी विचारलं.

तोकिएने हौसेने सांगितलं. काकाबैठक, रुमाल, कार्डं, सगळं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तोकिएबाई, तुम्ही चटईवर किती वर्षं काम केलंत?"

"एकतीस."

"आणि घरी गेल्यावर, कोणी बघत नसताना, तुम्ही कशा बसता?"

घरी ती भिंतीला पाठ टेकून बसायची. ढुंगणावर. दोन्ही पाय समोर सरळ पसरून. कारण दुसरं कसंही बसलं की जीव जायचा.

"ती बैठक नाही," डॉक्टर म्हणाले. "ते दुखणं आहे. मांजराचा कान दुमडतो कशाने? त्यातली कूर्चा अंग धरत नाही म्हणून. कूर्चा काय फक्त कानातच असते? ती घोट्यात असते, शेपटीत असते, गुडघ्यात असते. कान गोड दिसतो म्हणून आपण मुद्दाम तेवढा रोग जपतो, वाढवतो, आणि विकतो. हिला आता जन्मभर औषध लागणार. आणि दोन्हीकडून तेच आलं ना, तर काही पिल्लं वर्षाच्या आत चालायचीसुद्धा बंद होतील. मी प्रमाणपत्र देत नाही."

"मग हिचं ऑपरेशन करून टाका. पिल्लंच नकोत."

"मालकाची सही लागते. मांजर तुमचं आहे?"

मांजर तिचं नव्हतं.

परतीच्या वाटेवर तोकिए टोपली छातीशी धरून चालत होती आणि स्वतःला शिव्या घालत होती. आणखी कुणाला कळलं नसतं तर गोष्ट वेगळी. पण तिला? ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. हिचं तर रोज जळत होतं, आणि हीच बया 'काका बसलेत' म्हणून टाळ्या पिटत होती! चार वर्षं! आणि सात पत्रं लिहिली होती, मोत्यासारख्या अक्षरात.

रिसाको हिशेबनीस बाईंशी बोलत होती. तोकिएने सगळं सांगितलं.

"अहो, ते म्हातारे डॉक्टर गायींचे," रिसाको म्हणाली. "त्यांना मांजरातलं काय कळतंय? दुसरीकडून आणू प्रमाणपत्र. इतकं दुखत असतं तर ती कधी रडली नसती का? एकदा तरी ओरडली का ती?"

"मी ओरडले का?" तोकिए म्हणाली. "एकतीस वर्षांत पाहुण्यांसमोर एकदा तरी?"

"तुमची गोष्ट वेगळी आहे, तोकिएबाई," रिसाको म्हणाली. " तुम्हाला पगार होता."

तोकिएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण एकतीस वर्षांची सवय, डोकं आपोआप वाकलं. ती तशीच थोरल्या मालकीणबाईंकडे गेली. शिगेयोबाई नेहमीसारख्या ताठ बसल्या होत्या, गुडघे मोडून. निदान बघणाऱ्याला तसंच वाटावं. तोकिएला ठाऊक होतं, त्यांच्या किमोनोखाली एक चिमुकलं लाकडी स्टूल असतं, आणि सगळा भार त्याच्यावर असतो. दहा वर्षं झाली. कुणी त्याबद्दल बोलत नसे.

"बाई, ते मांजर आपल्यासारखंच आहे हो," तोकिए म्हणाली. "आपल्या दोघींसारखं. थांबवा तुम्ही."

शिगेयोबाईंनी स्टुलावर अंग किंचित सरकवलं. "मांजराचं सगळं सुनेकडे आहे. तिच्या मालकीच्या गोष्टीत मी तोंड घालत नाही." मग म्हणाल्या, "चहा गार झालाय, तोकिए."

रविवार उजाडला. दिवाणखाना पाहुण्यांनी भरला होता. आंघोळी करून, सुती किमोनो घालून, लाल गालांनी सगळे लग्न बघायला जमलेले. नागोयाचा व्यापारी एका पिंजऱ्यातून शोगुनला घेऊन आला होता. बोका देखणा होता यात वाद नाही. पिंजऱ्यातून बाहेर काढल्यावर तो दोन पावलं चालला, ताठ पायांनी, खुंट्यांवर चालल्यासारखा, आणि बसला. तसाच. पाय पसरून.

"हाही काका!" कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

"व्याही शोभतायत!" दुसरा म्हणाला. पुन्हा हशा.

शिगेयोबाई वरच्या जागी ताठ बसल्या होत्या. कोहारुला जांभळ्या उशीवर ठेवलं होतं. त्या दिवशी तिचं पाय पसरायचं मन नव्हतं. ती अंग आखडून, एका कुशीवर कलंडून पडली होती. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला. "ती बैठक हवी ना आपल्याला. जरा पाय सरळ करता येतील का तिचे?"

रिसाकोने वाकून कोहारुचे मागचे पाय धरले आणि पुढे ओढले.

तोकिए चहाचं तबक घेऊन, चार हात अंतरावर गुडघ्यांवर बसलेली. तिला मांजराच्या पाठीवरची कातडी थरथरताना दिसली. बाकी कुणालाच दिसली नाही, कारण बाकीचे कान बघत होते.

तोकिएने तबक खाली ठेवलं. गुडघ्यांवरूनच सरकत ती उशीपर्यंत गेली, कोहारुच्या शेजारी भिंतीला पाठ टेकली, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर दोन्ही पाय सरळ पसरले. किमोनो पोटऱ्यांपर्यंत वर गेला. पांढऱ्या मोज्यांतले दोन तळवे थेट त्या लाल गालांच्या मंडळींकडे.

फोटोग्राफरचं बोट कॅमेऱ्यावरच थांबलं.

"काढा की फोटो," तोकिए म्हणाली. "थांबलात का? तीच बैठक आहे. बघा, पोटसुद्धा आहे मला. हसा ना! आता का नाही कुणी हसत?"

"तोकिएबाई!" रिसाको दातांतून म्हणाली.

"काका बसलेत हे मीच पहिल्यांदा म्हटलं होतं, माझ्या जिभेला काय झालं होतं देव जाणे! मी अशी बसते कारण माझे गुडघे गेलेत. तुमच्यापुढे चहा ठेवून ठेवून गेलेत. ही अशी बसते कारण हिचे घोटे जन्मतःच सडलेत, आणि ते तसे सडावेत म्हणूनच हिला जन्माला घातलं! कान दुमडायला हवेत ना तुम्हाला! ज्यांचे पाय धड, ती पिल्लं फुकट. ज्यांचे मोडके, त्यांना रांग. आणि आता हा दुसरा पांगळा आणलाय, म्हणजे एकही धड निघायला नको! लग्न म्हणे! थूः असल्या लग्नावर!"

एक पोक्त पाहुणा खाकरला आणि छताकडे बघू लागला. एका बाईने हातातला काकाबैठकीचा रुमाल हळूच बाहीत सारला. नागोयाचा व्यापारी शोगुनला उचलत म्हणाला, "असला तमाशा असेल तर आम्ही निघतो. घरातल्या मोलकरणी आवरता येत नाहीत तर कशाला बोलावता?"

रिसाकोचा चेहरा पांढरा पडला होता, तो लाल झाला. "चालत्या व्हा!" ती किंचाळली. "आत्ताच्या आत्ता! आणि न्या तेही मांजर बरोबर, इतकं तुमचंच सख्खं असेल तर! दोघींचं तोंड बघायचं नाही मला!"

तोकिए उठली. उठायला तिला वेळ लागला. आधी एका कुशीवर, मग हातांवर, मग एक गुडघा, मग दुसरा. दोन्ही वाजले, आणि त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू आले. मदतीला कुणी हात दिला नाही. उभी राहिल्यावर तिने वाकून कोहारुला उचललं, पायांना धक्का न लावता, पोटाखालून.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" ती म्हणाली. "न्या म्हणाल्या."

"मी... मला तसं नव्हतं म्हणायचं," रिसाको पुढे झाली. "ठेवा तिला खाली. रागात बोलले मी."

"रिसाको."

शिगेयोबाईंचा आवाज चढला नव्हता. त्या आयुष्यात कधी चढून बोलल्या नव्हत्या. "पाहुण्यांसमोर शब्द गेला."

"आई, पण ते मांजर..."

"गेला."

मग त्यांनी तोकिएकडे पाहिलं, तिच्या मोज्यांकडे पाहिलं. "आणि तू पाहुण्यांसमोर पाय पसरलेस. तुला हागियात पुन्हा जागा नाही."

"माहीत आहे, बाई," तोकिए म्हणाली. कोहारुला काखेत धरून तिने कमरेत वाकून नमस्कार केला, एकतीस वर्षांचा, पण या वेळी उभ्यानेच. तिला वाटलं होतं की म्हातारी निदान एकदा आपल्या किमोनोखालचं ते स्टूल बाहेर काढील, सगळ्यांना दाखवील. तिने नाही काढलं. ती ताठ बसून राहिली.

डॉक्टर सोगाबेंच्या कागदावर मालक म्हणून 'उराबे तोकिए' असं नाव लिहिलं गेलं. ऑपरेशन झालं. पिल्लांचा विषय मिटला. दुखणं मात्र मिटलं नाही, ते मिटणारं नव्हतंच. तोकिएच्या एका खोलीच्या घरात सकाळी दोन गोळ्या निघत, एक तिची, एक मांजराची. मग दोघी भिंतीला पाठ टेकून बसत. फोटो काढायला कुणी नसे.

पण ती सात पिल्लं तिच्या डोक्यातून जाईनात. सगळे पत्ते तिच्याकडे होते, पत्रं तिनेच लिहिली होती ना! तिने पुन्हा सात पत्रं लिहायला घेतली. आता तिथली रीत अशी की पत्र म्हणजे आधी हवापाणी. 'डोंगरावरची पानं लाल होऊ लागली आहेत, आपली प्रकृती ठीक असेलच.' मग विचारपूस, मग आपल्या चुकीची क्षमा, मग आडवळणाने मूळ गोष्ट. हागियाच्या पाहुण्यांना तिने अशीच पत्रं लिहिली होती, तिचा हात दुसरं काही जाणतच नव्हता. मांजराच्या पायांची गोष्ट आली ती तिसऱ्या पानावर, आणि तीही अशी की, 'क्वचित एखाद्या वेळी तिला बसताना किंचित गैरसोय होत असेल, तर सवडीने डॉक्टरांना दाखवल्यास बरं पडेल.'

सात पत्रं गेली. नवीन वर्षाला उत्तर आलं एकच, योकोहामाच्या एका बाईंचं रंगीत कार्ड. त्यावर फोटो. राखाडी पिल्लू, आता मोठं झालेलं, डोक्याला लाल लोकरीची टोपी, पाठ सोफ्याला, मागचे पाय समोर सरळ. खाली लिहिलं होतं, "तुमचं गोड पत्र पोचलं, केवढी ती माया! आमची अगदी आईवर गेलीय. हल्ली उडी मारत नाही, इकडेतिकडे जात नाही, दिवसभर अशीच काकाबैठक घालून बसते. किती शहाणी ना!"

तोकिएच्या तोंडून जो शब्द निघाला तो हागियात कधी कुणी ऐकला नव्हता. कोहारुने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तोकिए जमिनीवर हात टेकून उठली, कागद घेऊन आली, पुन्हा बसली, पाय पसरले आणि मांडीवर फळी घेतली. बर्फाबद्दल लिहिलं नाही. नवीन वर्षाच्या शुभेच्छा लिहिल्या नाहीत. क्षमा मागितली नाही. कागदाच्या अगदी वरच्या टोकाला, मोठ्या अक्षरात, तिने पहिली ओळ लिहिली.

'तुमच्या मांजराचे पाय दुखताहेत.'